बारा टेबलं, बारा पाट्या

मी हॉटेलातली 'राखीव' पाटी बोलतेय. वीतभर लाकूड, त्यावर एकच शब्द. अक्षरओळख तेवढीच, पण तोरा पंडिताचा.

दाराच्या उरलेल्या फळीतून सुताराने आम्हा बारा बहिणींना कापलं. तेव्हा लोक फोन करून टेबल सांगून ठेवायचे. मी त्या टेबलावर बसून ताटकळणाऱ्यांकडे नाक वर करून बघायचे. काम काय, तर बसणं. तरी मला वाटायचं, हॉटेल माझ्यामुळेच चालतंय.

मग लोक घरबसल्या जेवण मागवू लागले. आमच्या रस्त्यावरची तीन हॉटेलं बंद झाली. एके दिवशी मालक म्हाताऱ्या वाढप्याला म्हणाले, "काका, या रविवारी हॉल भरला तर ठीक. नाहीतर टेबलं विकून टाकतो. नुसती पार्सलं देऊ."

काका नुसते "बरं" म्हणाले. पार्सलाला वाढपी लागत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रविवारी मालकांच्या डोक्यातून कल्पना निघाली. "रिकामं हॉटेल बघून कुणी आत येत नाही. मागणी आहे असं दिसलं पाहिजे." आणि बाराही टेबलांवर आम्ही बाराजणी. मी तर फुगून दारच झाले.

"अहो, पण मग माणसं बसणार कुठे?" मालकीणबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"तुला धंद्यातलं काय कळतंय?"

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ना, ते कर्म म्हणजे मी. एक वाजता नऊ माणसांचं कुटुंब दारात आलं, आजीपासून तान्ह्यापर्यंत. काका धावले. "या ना, जागा आहे."

कुटुंबातल्या बाईने मला वाचलं. "नको हो काका. दुसऱ्यांनी सांगून ठेवलेली जागा. पोरं भुकेली आहेत, अर्ध्या जेवणातून उठवावं लागेल."

काका खूप विनवत होते. मी "खोटं आहे, बसा" म्हणायला हवं होतं. पण मला एकच शब्द येतो आणि तोच मी ठणकावून सांगत राहिले. दुपारभरात अशी पाच कुटुंबं परत गेली. मला अजून लाज वाटते.

सोमवारी अकरा टेबलं टेम्पोत चढली. बारावं तडकलेलं होतं, ते कुणी घेतलं नाही. काका चप्पल घालून निघाले, तेव्हा मालकीणबाईंनी त्यांना त्या टेबलापाशी बोलावलं.

"बसा."

"इथं पाटी आहे, बाई."

"तुमच्यासाठीच ठेवलीय."

काका अवघडून खुर्चीच्या कडेवर टेकले. वाढायला मालक स्वतः आले आणि पहिल्याच डावाला रस्सा माझ्या अंगावर सांडला.

"डाव जरा खाली धरा, साहेब," काका हळूच म्हणाले. मालकांनी डाव खाली धरला. काका मान खाली घालून पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी मी त्या दिवशी पुन्हा खरं बोलले.

आता मी पार्सलाच्या रबरबँडांबरोबर खणात पडून असते. तुम्हाला कुठे माझी एखादी बहीण रिकाम्या टेबलावर ऐटीत बसलेली दिसली, तर परत फिरू नका. तिला पालथी घाला आणि बसा. आत कुणीतरी काका तुमची वाट बघत असतील.