नंदीनं दिलेलं राज्य

मी एक जुना नंदीबैल आहे आणि हैदराबादच्या एका मोठ्या नाटक कंपनीनं मला हाकलून दिलेलं आहे.

मित्रांनो, असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा, मीही ते बोललो नाही असं समजतो. आपण नीट, पहिल्यापासून सुरुवात करू.

माझा जन्म धर्मापुरीच्या शिवारात झाला. तेव्हा मी साधं गोऱ्हं होतो. नंदी जन्माला येत नाही, तो घडवावा लागतो. मुंजाजी नंदीवाल्यानं मला घडवलं. त्याच्याकडे एक ढोल होता. वाकडी काठी कातड्यावर घासली की त्यातून गुबुगुबु आवाज निघे. आवाज निघाला की मुंजाजी माझी मान वर-खाली करी आणि तोंडात गूळ घाली. पुढं पुढं गूळ कमी झाला, मान मात्र हलत राहिली. सगळ्याच शिक्षणाचं असं होतं म्हणतात.

मग माझ्या पाठीवर कवड्यांची झूल आली, शिंगांना पितळी शेंब्या आल्या, गळ्यात घुंगरमाळ आली. नंदीच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्यामुळे माझा खांदा लोण्यासारखा मऊ राहिला. मुंजाजीनं माझं नाव सुभेदार ठेवलं. खरे सुभेदारसाहेब दौऱ्यावर आले की तो मला जरा हळू आवाजात हाक मारायचा, एवढंच.

आमचं काम सोपं होतं. दारात उभं राहायचं. घरची बाई विचारायची, "सांग महादेवा, पाऊस पडंल का?" गुबुगुबु. मी मान हलवायचो. "लेकीला मूल हुईल का?" गुबुगुबु. हो. बाई खुश होऊन सुपातून ज्वारी घालायची. मी आयुष्यात कुणालाही नाही म्हटलेलं नाही. मान आडवी हलवता मला येते. माशा बसल्या की मी दिवसभर हलवतो. पण ते माशांसाठी, माणसांसाठी नाही.

मग मंदी आली. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी कशाचा तरी भाव पडला आणि तो गडगडत थेट दिंद्रुडच्या बाजारात येऊन थांबला. लोक आम्हाला पूर्वीपेक्षा जास्त ज्वारी घालू लागले. पण मीठमिरचीसाठी ती विकायला गेलं की दुकानदार हात जोडायचा, "मुंजाजी, माझ्याकडलीच दोन पोती घेऊन जा बाबा."

त्याच हंगामात दिंद्रुडच्या भगवानरावांनी आम्हाला वाड्यासमोर बोलावलं. मोठे जमीनदार. अंगणात माझ्या शिंगांपेक्षा उंच कापसाचा ढीग.

"सांग सुभेदारा, कापूस आत्ताच इकू का?"

गुबुगुबु. हो.

"का ठिवू अजून?"

गुबुगुबु. हो.

भगवानराव शेवटचं उत्तर धरून घरात गेले. कापूस ठेवला. पुढच्या महिन्यात भाव असा कोसळला की ढिगाकडे बघून उंदीरसुद्धा हळहळले. भगवानरावांनी चावडीवर जाहीर केलं, "ही मंदी ह्या बैलानं आणलीय!"

मित्रांनो, दिंद्रुडपासून विलायतेपर्यंतचे सगळे बाजार एका बैलानं पाडले ही गोष्ट खोटी आहे. पण ऐकायला बरी वाटायची, हे मी नाकारत नाही. नाकारायला मला येतच नाही.

त्यानंतर दारं बंद झाली. बाया आतूनच ओरडायच्या, "आमाला काय बी इचारायचं न्हाई! पुढं व्हा!"

मुंजाजीचा थोरला भाऊ सुंदरराव. तो एक दिवस माझ्या खांद्यावर हात फिरवत म्हणाला, "काय मऊ खांदा हाय बे! नांगराला लाव ह्याला. न्हाईतर परळीच्या बाजारात ईक."

मुंजाजीनं माझं दावं आखडून धरलं. बाजारात दुसऱ्याच्या हाती दावं गेलं की नंदीचा बैल होतो आणि बैलाचा पुढं परत नंदी होत नाही, हे त्याला माहीत होतं. मलाही होतं.

तेवढ्यात निरोप आला. दिंद्रुडचाच बंकट हैदराबादेत एका नाटक कंपनीत होता. कंपनीच्या नव्या खेळात महादेवाचं देऊळ होतं आणि देवळापुढं जिवंत नंदी हवा होता.

"बैलाला नोकरी?" मुंजाजीची बायको छबुबाई म्हणाली. "हितं माणसाला भेटंना!"

"शहरात काम भेटलं तर ठीक," मुंजाजीनं सगळ्यांपुढं शब्द दिला, "न्हाईतर परळीच्या बाजारात मीच ह्याचं दावं सोडीन."

आम्ही चालत निघालो. उदगीर गेलं, बीदर गेलं. वाटेत भाषा बदलत गेल्या. मुंजाजी आणि छबुबाई हातवारे करून पाणी मागायचे. मला अडचण आली नाही. होकार सगळीकडे वरून खालीच असतो.

कंपनीचे मॅनेजर यूसुफमियाँ. तोंडात पान, डोळ्यात काळजी. मागचा बैल रंगीत कागदाचं अख्खं देऊळ खाऊन गेला होता, म्हणून ते मला लांबूनच बघत होते.

"बैल को क्या क्या आता मियाँ?"

"हो म्हणतंय, सायेब."

"और?"

मुंजाजीनं खूप विचार केला. "लई हो म्हणतंय."

मला कामावर घेतलं. बीड जिल्ह्यातून शहरात नाटकाच्या नोकरीला लागलेला पहिला बैल मी असेन असं मी धरून चालतो. कुणी विरुद्ध पुरावा आणलेला नाही.

खेळ असा होता. राजा मेलेला असतो. त्याचा गुणी राजपुत्र असतो आणि दुष्ट सेनापती असतो. सेनापती देवळात येऊन तलवार उपसून विचारतो, "बोल, ऐ महादेव के बैल! क्या ये तख़्त मेरा है?" मी हलायचं नाही. तेवढ्यात राजपुत्र येऊन सेनापतीला मारतो. पडदा. राजपुत्र व्हायचे मास्टर गुलाब. सेनापती व्हायचा आपला बंकट.

बंकट बरीच वर्षं रोज मरत होता. कधी तलवारीनं, कधी विषानं, एकदा तर हरणाच्या शापानं. नव्या खेळाची तालीम चालू होती, तोवर जुनेच खेळ लागत. संध्याकाळी तोंडाला काळी शाई लावून झाली की तो माझ्यापाशी उसाचं वाढं घेऊन यायचा आणि हळूच विचारायचा, "सुभेदारा, आपल्याकडं पाऊस पडला असंल का रं?"

मी नुसता बघायचो. मग तोच म्हणायचा, "हां, ढोल न्हाई. बरं." आणि मरायला जायचा.

पहिल्या खेळाला थिएटर भरलं होतं. पुढची खुर्च्यांची जागा शेरवान्यांची. मागं जमिनीवर, मंदीमुळं दगडमातीच्या कामाला शहरात आलेली आपली माणसं. बंकट आला, तलवार उपसली, विचारलं. आता गंमत बघा. प्रसंगाला रंग चढावा म्हणून तबलजीनं डग्गा घासला.

गुबुगुबु.

मी काय करणार? मी सरळ, स्वच्छ, सगळ्यांना दिसेल असा होकार दिला.

मास्टर गुलाब तलवार घेऊन आत आले आणि मागून गर्जना झाली, "ए! मारू नको बे त्याला! नंदीनं हो म्हणलंय!"

"राज्य त्याचं हाय!"

"महादेवाचा बैल लबाड बोलतोय का?"

खुर्च्यांतला एकजण उठून म्हणाला की हे नाटक आहे. त्याला उत्तर मिळालं, "नाटक असंल, बैल तर खरा हाय न्हवं!"

लोक स्टेजकडं सरकू लागले. यूसुफमियाँनी विंगेतून हात जोडले. मास्टर गुलाबांनी तलवार म्यान केली आणि बंकट आयुष्यात पहिल्यांदा सिंहासनावर बसला. त्याला तिथं बोलायला वाक्यच नव्हतं, कारण तो तिथवर कधी पोचलाच नव्हता. तो नुसता बसून रडला. शाई ओघळली. लोकांनी टोप्या उडवल्या.

दुसऱ्या दिवसापासून थिएटरात मुंगी शिरायला जागा उरली नाही. लोक नाटकाला नाही, माझ्या निकालाला यायचे. रोज डग्गा वाजे, रोज बंकट राजा होई. मंदीत शहरातली बाकीची थिएटरं ओस पडली आणि आमच्यापुढं टांग्यांची रांग लागली. माझ्या शिंगांना नव्या शेंब्या आल्या. मला अभिमान वाटला, आणि तो मी अजून उतरवलेला नाही.

पण मास्टर गुलाब कंपनीच्या मालकाचे मेहुणे होते. ते म्हणाले, "या तो मैं रहूँगा, या ये जानवर."

यूसुफमियाँ तोंड पाडून मुंजाजीकडं आले. "मियाँ, बैल को नक्को बोलना सिखाओ. नहीं तो तुम्हारी नोकरी गई."

"शिकवा की," छबुबाई म्हणाली. "मान आडवी हलवायला काय लागतंय?"

"छबू, लोक नंदीला काय इचारतेत? लेकरू बरं हुईल का. गेलेलं माणूस घरी यील का. त्येला न्हाई म्हणाया आपण कोण?"

"मग जावा परळीच्या बाजारात!" ती म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

त्या दुपारी मुंजाजीनं माझी वेसण हातात घेतली. डावीकडं ओढली. उजवीकडं ओढली. मग सोडून दिली. "जमंना," तो म्हणाला. मान माझी होती, मित्रांनो, पण जमत त्याला नव्हतं.

शेवटी यूसुफमियाँनीच तोड काढली. डग्गा वाजवायचाच नाही. बैल गप्प उभा राहील, राजपुत्र येऊन मारील, सगळे खुश. मुंजाजीला हे पटलं. गप्प राहणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे.

खेळ सुरू झाला. बंकट आला. त्याला सगळं सांगितलेलं होतं. आज परत मरायचं होतं. त्यानं तलवार उपसली आणि विचारलं, "क्या ये तख़्त मेरा है?"

तबलजी मांडीवर हात ठेवून बसला होता. विंगेत मुंजाजी खाली बघत होता. बंकट मात्र माझ्याकडं बघत होता, आणि त्याचं तोंड पावसाचं विचारतानाच्यासारखं झालं होतं.

मला कुणी वाजवून सांगितलं नाही. कुणी गूळ दाखवला नाही. तरी मी मान वर उचलली आणि खाली आणली. आयुष्यभर मी लोकांचे होकार दिले होते. हा एवढा माझा स्वतःचा होता.

थिएटर असं गरजलं की कागदाचं देऊळ आपोआप पडलं. मास्टर गुलाबांनी चिकटवलेली मिशी उपटून जमिनीवर टाकली. मूळची मिशीही थोडी आली. बंकट सिंहासनावर बसला आणि ह्या वेळी रडला नाही.

त्यानंतर आम्ही कंपनीत नव्हतो. ह्यापलीकडं मी काही सांगणार नाही, कारण काही झालेलंच नाही. माझ्या जागी त्यांनी दोन माणसांना काळी चादर पांघरून बैल केलं. पुढचा माणूस नाही म्हणायचा. मागच्याला ते ऐकू यायचं नाही आणि तो शेपूट उडवून आनंद दाखवायचा. लोक यायचे बंद झाले.

आम्ही शहराच्या वेशीपाशी पोचलो तेव्हा मागून पत्र्याची पेटी वाजली. बंकट धावत येत होता.

"मुंजाभाऊ, मी बी येतो! राजा झालो बे मी. आता परत मरायला कोण जातंय?"

परळी जवळ आली तसा मुंजाजी हळू चालू लागला. बाजाराच्या वळणावर तो थांबला. वैजनाथाचं शिखर दिसत होतं आणि बाजारातलं बैलांचं हंबरणंही ऐकू येत होतं. नोकरी गेल्याचं ऐकून सुंदरराव तिथं आधीच येऊन उभा होता. त्याच्याबरोबर एक गिऱ्हाईक होतं आणि ते लांबूनच माझ्या खांद्याकडं बघत होतं.

मुंजाजीनं माझ्या दाव्याला हात घातला.

"थांबा," छबुबाई म्हणाली. "तुमी काय बोललेलाव? शहरात काम भेटलं तर ठीक. असंच न्हवं?"

"हां."

"मग, भेटलं का न्हाई?"

"भेटलं. पर—"

"टिकलं पायजे असं कुठं बोललाव?"

मुंजाजीनं दाव्यावरचा हात काढला. सुंदररावानं तोंड उघडलं, पण शब्द त्याच्याच समोर दिलेला होता.

बंकटनं तिथंच पेटी उघडली, सेनापतीचा झगा चढवला आणि भर बाजारात तलवार उपसली, "बोल सुभेदारा! हे राज्य माझं हाय का?" मुंजाजीनं ढोल घासला. गिऱ्हाइकं बैलांचे दात बघायचे सोडून आमच्याभोवती गोळा झाली. खांदा बघायला आलेला तो माणूस सगळ्यांत पुढं मांडी घालून बसला आणि निकाल लागल्यावर सगळ्यांत मोठ्यानं ओरडला.

परळीच्या बाजारात मी अखेर गेलो, मित्रांनो. पण विकायला नाही, खेळ करायला. तेव्हापासून गावोगाव आम्हाला बोलावणी येतात. लोक दारं उघडून वाट बघतात. बंकट आता आसपासच्या सगळ्या गावांचा राजा आहे आणि माझ्या खांद्याला अजून जू लागलेलं नाही.

आता माझे दात गेले आहेत. तुमच्या दारात नंदी आला तर त्याला आधी पाणी दाखवा, मग प्रश्न विचारा. शेपूट ओढू नका. तो हो म्हणाला तर त्याचा राग धरू नका, कारण त्यानं तुमचं भलंच चिंतलेलं असतं. आणि कापूस कधी विकायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

एवढं बोलून मी मायबाप सरकारच्या चरणी अर्ज गुजारतो, तो येणेप्रमाणे: रियासतीतल्या तमाम नाटक कंपन्यांना सक्त ताकीद देण्यात यावी की बैलाचं काम बैलालाच द्यावं. दोन माणसांनी मिळून एक बैल होऊ नये. जे आधीच झाले असतील त्यांनी ताबडतोब एकमेकांपासून वेगळं व्हावं. आणि सदर हुकमाची तामिली झाली की नाही हे तपासण्यासाठी एका अनुभवी बैलाची, सरकारी खर्चानं, गूळ व कडबा यांसह, कायम नेमणूक करण्यात यावी, ही नम्र विनंती.