कोपऱ्यातलं पडवळ

पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या शेंड्याला दगड बांधतात, हे दर्शनाला माहेरीच ठाऊक होतं. राजापूरकडच्या तिच्या गावात हाताला येईल तो चिऱ्याचा तुकडा बांधायचे. सासरी मात्र, मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, समुद्राच्या हाकेवरच्या या घरात, दगड आणायचे ते किनाऱ्यावरून. काळे, गुळगुळीत. पडवळ कापलं की ते धुऊन करवंटीत जपून ठेवायचे.

मांडवाच्या कोपऱ्यातल्या पडवळाचा दगड तेवढा सासूबाई, यमुनाबाई, स्वतः बांधत. ते पडवळ बियाण्याचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. सुंभाची गाठ मारताना त्या पुटपुटत,

वेलीला बाई माझ्या । दगडाचा भार ।
दर्यातल्या सख्या । धर घराचं दार ॥

सासरे आत्माराम होडी घेऊन गेले ते गेलेच. दर्शनाचा नवरा नितेश तेव्हा शाळेत होता. होडीची फळी मिळाली, माणूस नाही. आता नितेश स्वतः ट्रॉलरवर तांडेल होता, सगळी बोट त्याच्या हाती.

नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती, उघडीप पडली होती. दुपारी नितेश बोट काढणार म्हणून दर्शना सकाळीच भाजी काढायला परसात गेली आणि मांडवाखाली थबकली.

वारा औषधालाही नव्हता. अळूचं पान हलत नव्हतं. पण दगड सरळ लोंबत नव्हते. सगळेच्या सगळे तिरपे, समुद्राच्या बाजूला, दावं ताणून उभ्या राहिलेल्या गुरांसारखे.

"अहो, इकडे या जरा!"

नितेश दात घासत आला. बघितलं, हसला. "त्यांना दर्या बघायचाय. ने एकदा भाट्याच्या किनाऱ्यावर फिरवून."

"थट्टा नको. काहीतरी येतंय."

"काय येतंय? हे बघ," त्याने मोबाइल पुढे केला, "उद्यापर्यंत ऊनच ऊन."

यमुनाबाई गुडघ्यावर हात ठेवत पायरीपर्यंत आल्या. मांडवाकडे बघताच त्यांचा चेहरा उतरला. "वारा नाय तो. ओढ हाय. आज जाव नको, बाबू."

"आये, बर्फ भरलाय, डिझेल भरलंय, खलाशी येऊन बसलेत. त्यांना काय सांगू, घरचं पडवळ नको म्हणतंय?"

आणि दुपारी गेलाच. फाटकाशी वळून हात तेवढा केला.

यमुनाबाई देवापुढे जाऊन बसल्या. दर्शनाचा पाय काही परसातून निघेना. ऊन हळूहळू पिवळं झालं, हळदीचं पाणी सांडल्यासारखं. माडावरचे कावळे गप्प झाले. मोबाइलवर सूर्य हसतच होता.

दगड आणखी ताणले. सगळ्यात जास्त कोपऱ्यातला. देठ करकरू लागला. हे तुटलं तर? तिच्या मनाने घेतलं, हा यांचाच दगड. हा गेला की माणूस गेला. हात लावायचा नाही हे आठवलं, पण तोवर तिची मूठ दगडाभोवती वळलीही होती.

दगड गार होता, ओला होता, आणि त्याला खाऱ्या पाण्याचा वास होता. पोर जत्रेत पदराला धरून ओढतं, तशी ओढ. आडमुठी, जिवंत. दर्शनाने टाचा मातीत रोवल्या आणि घराच्या दिशेने ओढायला सुरुवात केली.

मग समुद्रावरून वारा आला, त्याच्या मागून पाऊस. मांडवाचे बांबू वाजायला लागले. सुंभ तळव्यात रुतला, सोलवटला. "सोडणार नाही," ती ओरडत होती, "घरी चला. ऐकताय ना? घरी चला!"

एकाएकी ओढ सुटली. ती धपकन मागे बसली. दगड मुठीतच होता, हलका, निमूट.

दिवेलागणीला फाटक वाजलं. नितेश दारात उभा, नखशिखांत भिजलेला.

"बंदराच्या तोंडाशीच अडलो," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "इंजिन फुल, आणि बोट मागे मागे. बोटीच्या पंख्यात दोर नाय, जाळं नाय. कुणी मागनं धरून आणल्यागत. धक्क्याला लागलो आणि बाहेर वारा फुटला. आत दर्यात असतो तर..."

दर्शना रडायलाच लागली. यमुनाबाईंनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, मग त्यांचं लक्ष सुनेच्या तळव्याकडे गेलं.

"कुठला दगड धरलास गो?"

"कोपऱ्यातला. यांचा."

म्हातारीने तो सोलवटलेला तळवा आपल्या हातात घेतला.

"तो नितेशचा नाय, बाय. त्याच्या बापाचा. गावला नाय ना माणूस, म्हणून बांधायची मी दरसाल. पाण्यात पार हरवू नये एवढ्याचसाठी. ओढला नव्हता कधी."

पाऊस थांबला होता. मागचं दार सताड उघडं होतं. दर्शनाने परसात बघितलं. वारा पडलेला, पानांवरून पाणी गळत होतं, आणि मांडवाखालचे सारे दगड तिरपे झाले होते. या खेपेला घराकडे.

नितेश म्हणाला, "दार लावून घे."

"ऱ्हाऊं दे," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, दारापासून जरा बाजूला सरल्या, कुणाला तरी वाट द्यावी तशा. मग हलक्या आवाजात सुनेला सांगितलं,

"आणखी एक पाट मांड. आणि भात गरम वाढ. लय वर्सं पाण्यात होते, काकडले असतील."