टरफलांचा रांजण

मी एक जुना, गळका रांजण आहे. हसू नका मित्रांनो, गळका आहे म्हणूनच मी कामाचा आहे.

सोलापुरात गुरुबसप्पांच्या छोट्या रंगखान्यात मी दहा वर्षे कामगारांची तहान भागवली. माझ्या गार पाण्याची वाहवा व्हायची. पुढे बूड चिरले आणि त्याच लोकांनी मला भिंतीमागे ढकलले. फार वाईट वाटले.

भिंतीमागे सूत रंगवून उरलेले पाणी वाहायचे आणि चंद्रव्वाच्या विहिरीजवळ मुरायचे. चंद्रव्वा भुईमुगाच्या शेंगा फोडून पोट भरणारी बाई. बहात्तरच्या दुष्काळात आसपासच्या विहिरी आटल्या. तिची तेवढी टिकली, तर तिचे पाणी तांबडे झाले. शेळ्यासुद्धा तोंड लावीनात. तिने दगड रचून रंगखान्याची नालीच अडवली. पाणी तुंबले, काम बंद पडले. गुरुबसप्पांनी गयावया केली, पण ती हटेना.

उपायही तिनेच काढला. नालीचे पाणी टरफलांच्या ढिगातून झिरपले की फिके पडते, हे तिने पाहिले होते. तिने टरफले धुतली, भाजून काळी केली आणि माझ्या पोटात ठासून भरली. वरून रंगाचे पाणी ओतले. चिरेतून थेंब पडू लागले. त्यात तिने पांढरी चिंधी भिजवून वाळवली. चिंधी पांढरीच राहिली, तेव्हा कुठे तिने दगड काढून नाली माझ्या तोंडाशी वळवली. खोटे कशाला सांगू, मला स्वतःचा अभिमान वाटला.

महिन्याभरात सगळे निर्धास्त झाले. टरफले कोणी बदलेना. एके दिवशी चिंधी तांबडी निघाली. रांजण बाद झाला, असे म्हणत गुरुबसप्पांनी पहार उचलली. चंद्रव्वा आडवी आली.

"रांजनाला का मारताय, मालक? पोट भरल्यावर तुमी तरी अजून घास घेताय व्हय?"

गुरुबसप्पा ओशाळले. पहार ठेवून त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि रंगलेली टरफले स्वतः उपसली. पुढे दर आठवड्याला हे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिले नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, विहीर निवळली. चंद्रव्वाने पहिला तांब्या भरून गुरुबसप्पांपुढे धरला. ते क्षणभर थांबले, मग त्यांनी तो घटाघटा रिकामा केला.

मित्रांनो, मी रंग नाहीसा करत नाही, नुसता धरून ठेवतो. धरण्यालाही हद्द असते. तुमची घाण जो पोटात घेतो, त्याचे पोट वेळेवर रिकामे करा. आणि ते आपल्या हातांनी करा.