वॉटीचा कोरा दगड

वॉटी मच्छीमार गेला. जन्मभर तो आमच्या स्कॉटलंडमधल्या बंदरावरची स्कॉट्स भाषाच बोलला; शिव्यासुद्धा त्याने कधी इंग्रजीत दिल्या नाहीत. त्याच्या थडग्यावर स्कॉट्समधल्या दोन ओळी कोराव्यात, एवढंच त्याची बायको एल्स्पेट मागत होती. चर्चच्या पंचांनी तासभर चर्चा केली, अर्थात स्कॉट्समध्येच, आणि ही भाषा लिहायच्या लायकीची नाही असं एकमताने ठरवलं.

"बाई, देवाच्या दारात शुद्ध इंग्रजीच शोभते," पाद्री म्हणाले.

"मग तिथं त्याला दुभाष्या द्या, पाद्रीबाबा. नाहीतर नुसतं नाव घाला आणि खाली दगड कोरा ठेवा."

"कोरा? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ते स्कॉट्समध्येच म्हणतील," एल्स्पेट म्हणाली. "लिहून ठेवणार मात्र कुणी नाही."