खालची बाजू

“पांढऱ्या! सगळ्या पांढऱ्या!” पडद्यावरचं थोरल्याच्या पाठीचं चित्र बघून धाकट्याने टेबलावर थाप मारली. “सांगत होतो ना, डॉक्टर? पाठ ठणठणीत आहे दादाची. नाटकं नुसती!”

खुर्चीत टेकायलाही थोरल्याला दोन्ही हातांचा आधार लागला होता.

दोघे भाऊ लोकांचं घरसामान हलवत. कपाट जिन्यावरून उतरवताना बहुतेक भार खालच्या माणसावर येतो. ती बाजू पहिल्यापासून थोरल्याची. पाठ ऐकेनाशी झाली तेव्हा तो एकदाच म्हणाला होता, “यापुढे खाली तू राहा.” तेव्हापासून धाकट्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. एमआरआय दोघांनीही काढला; थोरल्याने इलाज म्हणून, धाकट्याने त्याची जिरवायला.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. “दोन मणक्यांमध्ये एक गादी असते, पाण्याने भरलेली. हे यंत्र चुंबकाच्या जोरावर त्या पाण्याचा माग काढतं. पाणी असेल तिथे पांढरं, सुकलं असेल तिथे काळं.”

“म्हणजे ह्याला दुखत नाही!”

“चित्रात पाणी दिसतं हो, दुखणं नाही. ते स्नायूंतून, सांध्यांतूनही येतं.” त्यांनी दुसरं चित्र लावलं. “हे तुमचं.”

खालच्या तीन गाद्या काळ्याठिक्कर. चेपून पार चपट्या झालेल्या.

धाकटा पडद्याजवळ वाकला. मग मोठ्याने हसला. “बघ! माझ्या वाळून कोळसा झाल्या, तरी मी कधी कण्हलो? आणि आमचे दादासाहेब पांढऱ्या गाद्यांवर लोळतात!”

“आज दुखत नसेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण जड उचलताना जपा. एखादी गादी सरकून नसेवर दाबली, तर पाय उचलणार नाही.”

थोरला त्या काळ्या गाद्यांकडे बघत राहिला.

बाहेर आल्यावर धाकटा फणकारला, “उद्याचं लोखंडी कपाट मी खालून धरतो. पण जन्मभर ऐकवीन!”

“ऐकव.”

दुसऱ्या दिवशी धाकटा जिन्यापाशी आला, तर थोरला कमरेला पट्टा आवळून आधीच खालच्या पायरीवर उभा.

“सरक. मी धरतो.”

“वर जा.”

“का? उतरलं सोंग?”

“उतरलं,” थोरला म्हणाला. “सोंगच होतं. जा वर.”

“बघा! आला शेवटी कबुलीवर!” धाकटा वर गेला.

कपाट कललं. थोरल्याने पहिली पायरी उतरताना ओठ दातांखाली धरला. कपाटाआडून त्याचं तोंड वरच्याला दिसत नव्हतं.