धुरपताच्या तोंडचे शब्द

माझ्याकडे अकराशे कॉमिक्स आहेत आणि हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही. जळगाव जामोद डेपोत सत्तावीस वर्षं कंडक्टरकी केली. गाडी खामगावला लागली की बाकीचे चहाला पळायचे आणि मी रद्दीच्या दुकानात. घरच्यांनी नावं ठेवली, डेपोतल्यांनी टर उडवली. उडवू द्या. बुलढाणा जिल्ह्यात माझ्याहून मोठा संग्रह कोणाकडे असेल तर त्यानं आणून दाखवावा, मी त्याच्या पाया पडायला तयार आहे.

फक्त एक गोष्ट माझ्याकडे नव्हती, चित्रकारानं हातानं काढलेलं मूळ पान. छापलेलं कॉमिक हजारोंच्या हाती पडतं, हे पान एकच असतं. आकारानं दुप्पट, जाड कागदाचं, शाईखाली पेन्सिलीच्या रेघा, चुकलं तिथे पांढरा रंग फासलेला. माणूस कुठे अडला आणि कुठे रंगात आला, सगळं त्यावर दिसतं.

माझं सगळ्यात लाडकं कॉमिक म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वीचं ‘काट्यावरची धुरपता’. पिंपळगाव राजाच्या सहदेव पेंटरनं काढलेलं. हा माणूस एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्यातली धुरपता कापूस विकायला बाजारात येते आणि काट्याच्या मापांच्या पारड्यावर पाय दाबून वजन मारणाऱ्या व्यापाऱ्याला चारचौघांत पकडते. त्या व्यापाऱ्याच्या पायाच्या अंगठ्यावरचे केससुद्धा सहदेवनं सोडले नाहीत. संवाद तेवढे पुस्तकी होते, आणि मुखपृष्ठावर ‘कथा व संवाद’ म्हणून प्रकाशकानं स्वतःचं नाव टाकलं होतं.

यंदा आम्ही चार छांदिष्टांनी खामगावात कॉमिक्सचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. पुण्याचे मोठे संग्राहक दीपकराव ते बघायला येणार होते. पुण्यात ते मूळ चित्रांचं मोठं प्रदर्शन करत होते आणि त्यासाठी पानं निवडत होते. आमच्या सहदेव पेंटरचं चित्र तिथे लागलंच पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं.

पेंटर वारले होते. मी पिंपळगाव राजाला त्यांच्या बायकोकडे, अन्नपूर्णाबाईंकडे गेलो. सत्तरी ओलांडलेली, बारीक चणीची बाई. त्यांनी पेटीतून जुन्या पातळात गुंडाळलेली सात पानं काढली. पातळ उलगडलं आणि माझं डोकं सणकलं.

त्या काळी चित्रकार पात्रांच्या बोलण्याचे फुगे रिकामे सोडायचा. प्रेसवाले शब्द वेगळे छापून, कातरून, खळीनं तिथे चिकटवायचे. त्या चिठ्ठ्या केव्हाच गळून पडल्या होत्या आणि प्रत्येक फुग्यात निळ्या डॉटपेननं, वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत कोणीतरी लिहून ठेवलं होतं.

“हे कोनं केलं?”

“म्याच लिवलं भाऊ,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “फुगे मोकळे दिसत होते. साक्षरतेच्या वर्गात लिवणं शिकली होती, मंग...”

“शिकल्या तं वहीत लिवायचं ना काकू! पार वाटोळं केलं तुमी पानायचं!”

त्यांनी पानं एकावर एक रचायला घेतली. त्यांची सून राखी चहा घेऊन आली होती, तिनं कप माझ्यासमोर असा आदळला की अर्धा बशीत सांडला. माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही, हे माझी बायको समता तीस वर्षं सांगत आली आहे. तरी अन्नपूर्णाबाईंनी पानं पुन्हा गुंडाळून माझ्या हातात दिली. “न्या. पर नीट वापस आणजा,” एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन मी छापील कॉमिक आणि ती पानं शेजारी शेजारी ठेवली. छापील धुरपता व्यापाऱ्याला म्हणत होती, “महाशय, आपल्या तराजूत दोष आहे!” आणि निळ्या अक्षरातली म्हणत होती, “ओ शेठ, पह्यले काट्यावरचा पाय काढा, मंग कापसाचं बोला!”

मी इतक्या मोठ्यानं हसलो की समता स्वयंपाकघरातून बाहेर आली. आम्ही दोघांनी सातही पानं वाचून काढली. एवढी वर्षं जे कॉमिक मला पाठ होतं, त्यातली बाई त्या दिवशी पहिल्यांदा खरी वाटली. मी लगेच फोन लावला.

“काकू, तुमाले हे सुचलं कसं?”

“सुचलं कायचं भाऊ? म्याच म्हणलं होतं ना, भर बाजारात. हे मांगं उभे होते. घरी आले अन् चित्र काढाले बसले. म्या सांगत गेली, ते काढत गेले. प्रकाशकानं आपलंच काहीतरी छापलं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे त्या त्याच दिवशी सांगायला निघाल्या होत्या आणि मी त्यांचं बोलणं अर्ध्यात तोडलं होतं. मी माफी मागितली. पानांखालच्या पाटीवर तुमचं नाव लिहितो म्हटलं, तर त्या साफ नाही म्हणाल्या.

“नोको भाऊ. पेंटर ते होते. लोक हासतीन म्हातारीले.”

म्हणून पाटीवर मी एवढंच लिहिलं, ‘चित्रे: सहदेव’.

रविवारी सकाळी प्रदर्शनाचं दार उघडलं आणि तासाभरात त्या सात पानांपुढे ही गर्दी झाली. बाया मोठ्यानं वाचत होत्या आणि हसत होत्या. पांढरं पातळ नेसलेल्या अन्नपूर्णाबाई राखीसोबत मागच्या खुर्चीवर बसून ते ऐकत होत्या. दीपकराव भिंग घेऊन एकेक पान न्याहाळत होते.

“काय रेघ आहे या माणसाची!” ते म्हणाले. माझी छाती फुगली. “ही मी पुण्यात अगदी पहिल्या भिंतीवर लावीन. फक्त हे निळं काढून घेऊ. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, डागसुद्धा राहणार नाही. अशी मात्र नेता येणार नाहीत. चित्रकाराच्या माघारी कोणीतरी गिरगटून ठेवलंय.”

माझ्या जिभेवर भलतंसलतं आलं होतं, पण मी ते गिळलं. पानं माझी नव्हती. नवऱ्याचं नाव पुण्यात लावायचं की आपले शब्द राखायचे, हे ठरवायचा हक्क एकाच बाईला होता. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या उठून पुढे येत होत्या.

“माघारी नाई लिवलं साहेब,” त्या म्हणाल्या. “ते बाजूले बसले होते. तो पेन त्यायनंच आणून देलता. सात पानं लिवून झाले, तं म्हणले, अन्नपूर्णे, आता धुरपता बोलून राह्यली.”



“म्हणजे हे संवाद तुमचे?” दीपकरावांनी विचारलं.

“संवादच नाई. गोष्टच माही हाये. ती धुरपता मीच हाये.” त्यांची मान ताठ होती. “न्यायचे असतीन तं असेच न्या. नाई तं राहू द्या.”

दीपकरावांनी भिंग खिशात टाकलं. पहिल्या पानापाशी परत जाऊन त्यांनी निळी अक्षरं सावकाश वाचली. चौथ्या पानावर ते खुदकन हसले. सातवं संपलं तेव्हा त्यांनी अन्नपूर्णाबाईंना हात जोडले.

“मला माफ करा. अशीच नेतो. तिथल्या पाटीवर नाव काय लिहू?”

अन्नपूर्णाबाईंनी माझ्या खिशातला पेन काढून घेतला. मी पाटी उतरवून त्यांच्यासमोर धरली. नवऱ्याच्या नावाखाली त्यांनी एकेक अक्षर जोर देऊन लिहिलं, ‘गोष्ट: अन्नपूर्णा’. लिहून झाल्यावर त्यांनी ती पाटी लांब धरून पाहिली आणि मग मला विचारलं,

“भाऊ, संवाद बी लिवू का?”

“लिवा काकू,” मी म्हणालो. “जागा लय हाये.”