हरिबाचा सांगावा

मित्रांनो, मी एक जुना छापील कागद आहे. हात लावाल तर घडीवर फाटेन, पण माझा राग अजून कोरा करकरीत आहे.

सन सेहेचाळीस साली सांगलीच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. मला छापून घेणारे आप्पासो पुस्तके विकायचे. त्यांचा जिवलग मित्र हरिबा, आष्ट्याजवळच्या त्यांच्याच गावच्या महारवाड्यातला. दुकानात पुस्तक उघडण्याआधी हरिबा हात धोतराला पुसायचा, आणि एकदा उघडले की दुकान बंद होईपर्यंत मिटायचा नाही.

गावात कोणी मेले की परगावच्या पाहुण्यांकडे सांगावा न्यायचा तो महारांनीच, अशी रीत. मोबदला काय, तर शिळी भाकरी. हरिबाने महारवाड्याला सांगितले, हे बंद. पाटलाची चुलती वारली तेव्हा कोणी गेले नाही. पाहुण्यांवाचून तिला जाळावे लागले. त्याच आठवड्यात हरिबा ओढ्यात सापडला, डोके फुटलेला. गाव म्हणाले, पाय घसरला. वा रे घसरणे! पाठीवर काठ्यांचे वळ होते.

आप्पासो हरिबाच्या मृत्यूचे पत्रक छापायला गेले, तेव्हा छापखान्याचे मालक त्यांना म्हणाले, "दुःखद निधन घालू की. मारलं कशाला? उगं विकतचं दुखणं."

"आवं मालक, निधन म्हातारपणी हुतंय. ह्याला मारलाय. तसंच छापा."

म्हणून माझ्या अंगावर उमटले, ‘आमच्या हरिबाला मारले. तो घसरून पडला नाही.’ खाली आप्पासोंचे नाव.

आता हरिबाचा सांगावा नेणार कोण? आप्पासोंनी आमचा गठ्ठा खांद्यावर घेतला आणि ते गावोगाव पायी फिरले. गावच्या चावडीपुढे पाटलाने त्यांना अडवले. आप्पासो त्याच्याच भावकीतले.

"तुला कवापासनं म्हारकी लागली रं?"

"आजपासनं," आप्पासो म्हणाले.

माझी कितीतरी भावंडे तिथेच फाडली गेली. भावकीने आप्पासोंना वाळीत टाकले. मी वाचलो, कारण मला त्यांनी हरिबाच्या बायकोच्या, राहीबाईच्या हातात आधीच दिले होते. तिने मला लुगड्याच्या घडीत जपले.

खटला उभाच राहिला नाही. पुढे देश स्वतंत्र झाला आणि पाटलाला हरिबाचा उमाळा आला. त्याचा फोटो चावडीत लावायचा म्हणे, आणि शेजारी मला! ज्या चावडीची पायरी हरिबाला कधी चढू दिली नाही, तिथे! पाटील दौत-टाक घेऊन राहीबाईच्या दारात आला. कधी नव्हे ते नावाला ‘बाई’ जोडून म्हणाला, "राहीबाई, तेवढी एक ओळ खोडू. झालं गेलं गंगेला मिळालं."

राहीबाईने माझ्यावर तळहात ठेवला. "फोटो न्हाई लावला तरी चालंल, पाटील. मला वाचाया येत न्हाई, पर ती ओळ कुठं हाय ते मला ठावं हाय."

पाटील आला तसा गेला. तो मरेपर्यंत चावडीत बसला, आणि लोक त्याला रामराम घालत राहिले. याचा मला संताप येतो.

तेव्हा मित्रांनो, मला काचेत घालून हार घालू नका. मला मोठ्याने वाचा. आणि त्या ओळीपाशी आलात की आवाज खाली आणू नका.